पोच आली का?

वाचकांचे प्रश्न, भुसावळहून उत्तरं

प्रश्न : ताई, चोपड्याजवळच्या एका जिनिंगसाठी वजनकाट्याचा प्रोग्रॅम मी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे. कापसाची गाडी काट्यावर आली की तिचा फोटो निघतो आणि वजनाची पावती तयार होते. दिवसभराचे फोटो-पावत्या एका झिपमध्ये बांधून संध्याकाळी जळगावच्या ऑफिसच्या वेब सर्व्हिसला पाठवतो. ऑफिसात बसून करून पाहिलं तेव्हा ६० एमबीची झिप आरामात गेली. जिनिंगवरून मात्र २५ एमबीपर्यंतच जाते, त्यापुढे ‘टास्क वॉज कॅन्सल्ड’ येतं. (वर पाठवण्याचा वेग जिनिंगवर २ एमबीपीएस, ऑफिसात २०.) मालक काट्यावरच्या पोरावर ओरडतात, तूच काहीतरी दाबतोस म्हणून. मी ‘अडलं की परत पाठव’ असा लूप लावला, तर ऑफिसात १४ क्विंटलची एकच गाडी तीनदा जमा झाली. एक मित्र म्हणतो, फाइल बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, जेसन या मजकुराच्या साच्यातून पाठव, सगळं मिटेल. सध्या घरी-दारी माझं एकच वाक्य चालू आहे : फाइल जाई नही ऱ्हायनी! – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, आधी त्या काट्यावरच्या पोराची माफी मागा. कॅन्सल केलं ते तुमच्याच प्रोग्रॅमनं, आणि तेही घड्याळ लावून.

पत्राबरोबर लॉगची, म्हणजे प्रोग्रॅमनं ठेवलेल्या नोंदींची, दोन पानं जोडलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण ‘चालत नाही’ एवढंच लिहितात आणि मी पंचांग काढून बसायचं. तुमच्या लॉगमध्ये पहिल्या दिवशी अपलोड सुरू झालं ७:१२:०५ ला आणि बंद पडलं ७:१३:४५ ला. दुसऱ्या दिवशी सुरू ७:४०:३१ ला, बंद ७:४२:११ ला. वजाबाकी करा, दोन्ही वेळा बरोबर १०० सेकंद. लाइन खराब असती तर एकदा ४० सेकंदांनी तुटली असती, एकदा ३०० नी. रोज त्याच सेकंदाला तुटतंय म्हणजे कोणीतरी तोडतंय. तुमचं सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉट नेटच्या एचटीटीपीक्लायंटला, म्हणजे वेबवर विनंती पाठवणाऱ्या भागाला, तुम्ही काही सांगितलं नाही, तर तो १०० सेकंद थांबतो. फाइल वर जाणं, सर्व्हरनं तिचं जे करायचं ते करणं आणि उत्तर परत येणं, सगळं त्या १०० सेकंदांत बसायला हवं. नाही बसलं की तो हात झटकतो आणि ‘टास्क कॅन्सल झालं’ म्हणतो. डॉट नेट ५ पासून निदान त्या संदेशात टाइमआउटचं, म्हणजे थांबायची मुदत संपल्याचं, नाव तरी येतं. तुमची आवृत्ती जुनी दिसते.

आता तुमचे २५ एमबी. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये, मध्ये आठपटीचा फरक. २५ गुणिले ८ म्हणजे २०० मेगाबिट. २ च्या वेगानं १०० सेकंद. तुम्ही ज्याला सर्व्हरची मर्यादा समजत होतात ती अशी घड्याळाची निघाली. ६० एमबीला जिनिंगवरून २४० सेकंद लागणार आणि ऑफिसातून २४. सर्व्हरनं अडवलं असतं तर ऑफिसातूनही अडवलं असतं.

तीन-तीन पावत्यांचं कोडंही यातच सुटतं. समजा त्या दिवशीची झिप २४ एमबीची होती. ती ९६ सेकंदांत पूर्ण वर पोचली. सर्व्हर ती उघडून पावत्या खात्यात टाकतोय, त्यात आणखी पाच-सात सेकंद गेले. इकडे १०० सेकंद झाले, तुमचा क्लायंट, म्हणजे जिनिंगवरचा पाठवणारा प्रोग्रॅम, कंटाळून निघून गेला, पण सर्व्हरनं आपलं काम पुरं केलं. तुमच्या लूपला वाटलं, गेलीच नाही. त्यानं परत पाठवली, पुन्हा तेच. शेतकऱ्याचा कापूस १४ क्विंटल आणि कागदावर ४२.

टाइमआउट वाढवून अर्धा तास करावा, हे कोणालाही पहिलं सुचतं. चालतंही ते, पण संध्याकाळी सातला तुमच्याकडे लाइट किती वेळ सलग असते ते मला सांगू नका. तीन मिनिटं झाल्यावर लाइट गेली की पहिल्या बाइटपासून सुरुवात.

मला विचाराल तर झिपच नको. जेपीजी फोटो मुळात आवळलेलाच असतो, झिप करून त्यात काही वाचत नाही. दिवसाला ४० गाड्या, प्रत्येकीचे दीड एमबी, म्हणून तुमचे ६० होतात. तेच दीड एमबी गाडी काट्यावरून उतरताच पाठवलेत तर सहा सेकंदांचं काम. पुढची गाडी, ट्रॅक्टर असो की छोटा हत्ती, काट्यावर चढून स्थिर होईपर्यंत आधीची पोचलेली असेल. फक्त पाठवण्याचं काम मागे वेगळ्या धाग्यावर, म्हणजे मुख्य काम न अडवता, चालू द्या. काटेवाल्याचा पडदा फाइलसाठी गोठला तर बाहेरची रांग गेटच्या पार जाईल आणि शिव्या परत त्याच पोराला. उद्या खरोखरच मोठी फाइल, व्हिडिओ वगैरे पाठवायची वेळ आली तर ती चार-पाच एमबीच्या तुकड्यांत पाठवायची आणि तुटलं की सर्व्हरला विचारायचं, ‘तुझ्याकडे किती बाइट आले?’, तिथून पुढे चालू. त्यासाठी ‘टस’ नावाचा तयार, खुला प्रोटोकॉल आहे, स्वतः नवा बनवत बसू नका.

दुबार जमा होण्यावर उपाय असा. गाडीचं वजन झालं त्याच क्षणी, पाठवण्याच्या कितीतरी आधी, क्लायंटनं त्या नोंदीला एक न बदलणारा क्रमांक द्यायचा. जीयूआयडी घ्या, म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेला, दुसऱ्या कशाशी न जुळणारा क्रमांक. पहिल्यांदा पाठवा नाहीतर सातव्यांदा, क्रमांक तोच. सर्व्हरच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदला जात नाही. तोच क्रमांक परत आला तर सर्व्हरनं चूक दाखवायची नाही, शांतपणे ‘हे माझ्याकडे आहे’ एवढं सांगायचं. तुमच्या कोडमध्ये नवा क्रमांक लूपच्या आत तयार होतो. ती ओळ बाहेर काढा. अर्धा आजार तिथेच आहे.

उरलेला अर्धा पोचपावतीचा. इथे माझी स्वतःची फजिती सांगते, तशी पंधरा वर्षं जुनी झाली. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला असाच प्रोग्रॅम करून दिला होता : ट्रक भरला की त्याचा आणि बिल्टीचा फोटो सर्व्हरवर. सर्व्हरकडून २०० हा ‘ठीक आहे’चा आकडा आला की माझा प्रोग्रॅम खूश होऊन मूळ फोटो पुसून टाकायचा, जुन्या पीसीत जागा कमी म्हणून. दोन वर्षं सुरळीत चाललं. मग त्यांनी नवा कॅमेरा आणला, फोटो अडीच-तीन एमबीचे झाले. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत होता. त्यात एका फाइलची मर्यादा, कोणी बदलली नसेल तर, २ एमबी असते. त्याहून मोठी फाइल पीएचपी टाकून देतं आणि एका कोपऱ्यात ‘चूक झाली’ या अर्थाचा आकडा १ लिहून ठेवतं. तो कोपरा माझ्या स्क्रिप्टनं कधी पाहिलाच नव्हता. तिला विनंती मिळाली, तिनं २०० दिलं. इकडे मूळ फोटो पुसले गेले. तीन दिवसांच्या गाड्या गेल्या, आणि नेमका त्यातल्याच एका गाडीवरून दिल्लीच्या दलालाशी वाद निघाला.

एसटीनं सावद्याला गेले, समोर बसले. व्यापारी चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, ‘ताई, गाडी नाक्यावरून निघाली म्हणजे माल पोचला का? तिकडून पोच येईस्तोवर मी बिल्टीची कार्बन कॉपी फाडत नाही.’ त्यांच्या टेबलावर तारेच्या दोन सुया होत्या, एकीवर पोच यायच्या बिल्ट्या, दुसरीवर पोच आलेल्या. मी परत येताना त्या सुयाच डोक्यात घेऊन आले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये दोन फोल्डर असतात, ‘पाठवायचं’ आणि ‘पोचलं’. फाइल पाठवण्याआधी क्लायंट तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या बाइटवरून निघणारा आकडी ठसा, काढतो. सर्व्हर फाइल आधी तात्पुरत्या नावानं लिहितो, पूर्ण झाली की डिस्कवरची ती फाइल परत वाचून स्वतः एसएचए-२५६ काढतो, मग खरं नाव देतो आणि तो आकडा उत्तरात परत पाठवतो. दोन्ही जुळले तरच फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात जाते. नुसत्या २०० वर मी काहीही हलवत नाही. ‘पोचलं’मधलंही महिनाभर पुसत नाही.

सर्व्हरच्या दारांच्या मापाबद्दल दोन ओळी, कारण तुमचाही सर्व्हर पीएचपीचा आहे आणि पुढे एंजिनएक्स (विनंत्या आधी हातात घेणारा वेब सर्व्हर) बसलाय. एंजिनएक्स मूळ स्थितीत १ एमबीहून मोठी विनंती घेत नाही, ४१३ (‘फार मोठी’) देऊन परत पाठवतो. ते दार तुमच्याकडे कोणीतरी आधीच मोठं केलेलं दिसतं. मागे पीएचपीची दोन दारं, मूळ स्थितीत : फाइलचं २ एमबीचं आणि अख्ख्या विनंतीचं ८ एमबीचं. त्या ८ च्या वर गेलात तर स्क्रिप्टला फॉर्म चक्क रिकामा दिसतो, जणू काही पाठवलंच नाही. पुढचं दार मोठं करून मागचं तसंच ठेवलं की माझ्यासारखी गत होते. तिन्ही आकडे एकाच बैठकीत तपासा.

परत पाठवण्याचा लूप ठेवा, पण दम घेऊ द्या त्याला. ५ सेकंद, मग १०, २०, ४०, असं दोन-तीन मिनिटांपर्यंत वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी थोडे सेकंद मनाला येईल तसे इकडेतिकडे करा. हे शेवटचं शहरातल्या पुस्तकी लोकांना चोचले वाटतात. आपल्याकडे एका फीडरची लाइट आली की दहा गावांतले पीसी एकाच मिनिटाला उठतात आणि सगळे एकदम सर्व्हरच्या अंगावर येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि ४१३ किंवा ४०१ (‘ओळख पटली नाही’) सारखं उत्तर आलं तर पुन्हापुन्हा पाठवून काही होणार नाही, तिथे माणसाला कळवायचं. ५०० च्या घरातलं (सर्व्हरचीच अडचण) असेल तर पुन्हा प्रयत्न. ४०८ (‘वेळ संपली’) आणि ४२९ (‘फार विनंत्या झाल्या’) हे चारशेतले असले तरी पुन्हा प्रयत्न करण्याजोगे.

मित्राला नमस्कार सांगा. बेस-६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात. म्हणजे तुमच्या दीड एमबीचे दोन होणार, २ च्या लाइनवर सहा सेकंदांचे आठ. वर ती अक्षरं डॉट नेट मेमरीत प्रत्येकी दोन बाइटनी ठेवतं. तुमची ६० एमबीची झिप तशी केली असती तर काट्याच्या खोलीतल्या त्या पीसीवर १६० एमबीची एकच स्ट्रिंग बसली असती. मल्टिपार्टमध्ये, म्हणजे फॉर्मबरोबर फाइल पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, बाइट जसेच्या तसे जातात, तेच राहू द्या. फक्त फाइल आख्खी मेमरीत वाचण्याऐवजी स्ट्रीम द्या, म्हणजे ती थोडी थोडी वाचत जाईल. आणि परत पाठवताना स्ट्रीम नव्यानं उघडा, एकदा पाठवलेला बंद होऊन बसलेला असतो. एचटीटीपीक्लायंट मात्र एकच ठेवा, दर फाइलला नवा नको.

प्रश्न : मी धुळ्यात इंजिनिअरिंगला आहे. पायथन भाषेच्या रिक्वेस्ट्स या तयार लायब्ररीतून फाइल पाठवतो. ‘फाइल्स’ या खान्यात फाइल दिली, हेडरमध्ये (विनंतीच्या वरच्या माहितीत) कंटेंट-टाइप मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा असं लिहिलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बाउंड्री नाही’ असं येतं आणि फाइल मिळत नाही. – एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : तुम्ही लिहिलेली ती हेडरची ओळ खोडा. बस.

कारण हवं असेल तर : मल्टिपार्टमध्ये एकेका भागाच्या मध्ये एक खुणेची ओळ असते, तीच बाउंड्री. ती लायब्ररी दरवेळी नव्यानं बनवते आणि कोणती बनवली ते कंटेंट-टाइपमध्ये सर्व्हरला सांगते. तुम्ही हेडर हातानं लिहिलंत की लायब्ररी तुमचा मान राखते, स्वतःचं लिहीत नाही. आत खुणा आहेत, पण खूण काय ते सर्व्हरला कोणी सांगितलंच नाही. ही पद्धत १९९५ च्या आरएफसी १८६७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहिलेलं कागदपत्र) पासूनची, सध्याचं कागदपत्र २०१५ चं आरएफसी ७५७८. एकदा वाचून काढा, लहान आहे.

मी सुरुवातीला हे सगळं लायब्ररीशिवाय, हातानं जोडून पाठवायचे. प्रत्येक खुणेच्या आधी दोन आडव्या रेघा, आणि शेवटच्या खुणेच्या नंतरही दोन. त्या शेवटच्या दोन रेघा मी विसरले होते. मे महिना, भुसावळ, रात्रीसुद्धा कूलर गरम हवा फेकतोय, आणि मी तीन रात्री सर्व्हरवाल्याला दोष देतेय.

प्रश्न : आमच्या विकास सोसायटीत कर्जाच्या अर्जांचे स्कॅन एका प्रोग्रॅममधून सर्व्हरवर चढवतो. फाइलचं नाव म्हणजे अर्जाचा विषय, शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, सगळं मराठीत. दोन अडचणी. काही फाइलना सर्व्हर ‘नाव फार लांब’ म्हणतो, माझ्या विंडोजवर तर बसतं. आणि काही वेळा शोधलं तर ‘अशी फाइल नाही’ म्हणतो, जेव्हा यादीत ती डोळ्यांसमोर दिसत असते. – एक वाचक, साक्री

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मी चहा बाजूला ठेवला. याच्यावर मी एकदा आठवडा घालवलाय.

लांबीचं आधी. विंडोजवर नावाची मर्यादा २५५ चिन्हांची. तुमचा सर्व्हर लिनक्सचा असणार, तिथे ती २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. वाचताना अक्षरं पाच. आत चिन्हं अकरा : श, एकाराची मात्रा, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, दीर्घ वेलांटी. झाले ३३ बाइट. असे सात शब्द लिहिलेत आणि मध्ये सहा जागा सोडल्यात की २३७, आणि अजून तालुका यायचाय.

आता ‘दिसते पण सापडत नाही’. गुन्हेगार बहुधा तोच ऱ. हा तीन प्रकारे टाइप होतो. एक, सरळ ऱ हे एकच चिन्ह. दुसरा, साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हं. तिसरा, र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. काही कीबोर्ड असंच लिहितात. पडद्यावर तिन्ही ‘शेतकऱ्यांची’ हुबेहूब सारखे. बाइट मोजाल तर पहिला ३३, बाकी दोन ३६. तुम्ही एका कीबोर्डवर नाव दिलं, शोधताना दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आणि साक्रीकडे तर अहिराणी. ऱ्हायना, ऱ्हायनी केल्याशिवाय आपलं एक वाक्य पुरं होत नाही. गावांच्या, आडनावांच्या नावांतही तेच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगा, नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी ते युनिकोडच्या एनएफसी या ठरावीक, एकसारख्या रूपात आणायचं. त्यानं नुक्तावाला प्रकार सरळ ऱ होतो. तिसरा प्रकार मात्र एनएफसीनं हलत नाही, तो शोधून स्वतः बदलावा लागतो.

पण खरं सांगायचं तर नावाला फाइलची ओळख करूच नये. सर्व्हरवर फाइल एका क्रमांकानं ठेवायची, इंग्रजी आकडे-अक्षरांच्या, आणि मराठी नाव डेटाबेसच्या रकान्यात. तिथे हवं तेवढं लांब लिहा, आजोबांच्या नावासकट. वर पाठवतानाही मराठी नाव फाइलच्या हेडरमध्ये न घालता फॉर्ममध्ये वेगळं मजकुराचं खानं करून पाठवायचं. तुमचा प्रोग्रॅम डॉट नेटचा असेल तर हेडरमधलं मराठी नाव तो स्वतःच्या पद्धतीनं गुंडाळून पाठवतो, आणि पलीकडे ते ‘यूटीएफ-८’, प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भेळ म्हणून उघडतं. ‘आमच्या फाइलची नावं अशी का येतात’ म्हणून चाळीसगावहून एक पत्र आलंय, त्यांनाही हेच उत्तर.

आधीच चढवलेल्या फाइलची नावं बदलायला छोटी स्क्रिप्ट पुरेल. ती चालवण्याआधी मूळ फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि जुनं नाव–नवा क्रमांक अशी दोन रकान्यांची यादी छापून कपाटात ठेवा. सोसायटीत ऑडिटला माणूस येतो तेव्हा तो जुन्याच नावानं मागतो.